ख्वाजा महमूद गावान

परंडा हे आपल्या धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. तेथे एक भुईकोट किल्ला आहे. डोंगरावर न बांधता सपाट जमिनीवर बांधलेल्या किल्ल्याला भुईकोट म्हणतात. भोवती खोल खंदक, आत दुहेरी तट, जागोजागी भक्कम बुरूज, बुरुजांवर जुन्या तोफा आणि मध्ये दगडी खांबांची एक मशीद असा हा किल्ला आहे. तो कोणी बांधला, असे गावात कोणालाही विचारा. बहुतेक जण एकच नाव सांगतात : महमूद गावान. परंपरेने हा किल्ला त्यांच्याच नावावर आहे.

किल्ल्यामुळे कोणाला वाटेल, की हे कोणी मोठे लढवय्ये सरदार असावेत. लढाया त्यांनी केल्या, हे खरे आहे. पण ते आधी व्यापारी होते, विद्वान होते आणि त्या काळातील उत्तम पत्रलेखक होते. त्यांची सर्वांत मोठी इमारत परंड्यात नाही. ती बिदर शहरात आहे आणि ती किल्ला नसून मदरसा आहे. बिदर आज कर्नाटक राज्यात असले तरी आपल्याला ते परके नाही. १९५६ पर्यंत बिदर आणि उस्मानाबाद हे दोन्ही जिल्हे हैदराबाद संस्थानात, म्हणजे नंतरच्या हैदराबाद राज्यात होते. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तर तोपर्यंत बिदर जिल्ह्यातच मोडत होते.

ख्वाजा इमादुद्दीन महमूद यांचा जन्म इराणच्या उत्तरेस, कॅस्पियन समुद्राच्या काठी असलेल्या गीलान प्रांतात झाला. हिजरी सन ८१३, म्हणजे इ. स. १४११ च्या सुमाराची ही गोष्ट. गावान हे त्यांच्या गावाचे नाव. तेच पुढे त्यांच्या नावाला कायमचे चिकटले. त्यांच्या घराण्यातील माणसे गीलानच्या दरबारात वजीर होती. लहानपणापासून त्यांना अरबी, फारसी, गणित आणि वैद्यक यांचे उत्तम शिक्षण मिळाले. पण जेथे वजिरी असते तेथे मत्सरही असतो. दरबारातील कारस्थानांमुळे त्यांना आपला देश सोडावा लागला.

देश सोडल्यावर त्यांनी व्यापार सुरू केला. व्यापाराच्या निमित्ताने ते गावोगाव फिरत, आणि ज्या गावी जात तेथील विद्वानांची भेट घेत. इराणातील काही सुलतानांनी त्यांना वजिरी देऊ केली होती, असे सांगतात. ती त्यांनी घेतली नाही. दरबाराचा अनुभव त्यांनी एकदा घेतलाच होता!

१४५३ मध्ये त्यांचे गलबत कोकणातील दाभोळ बंदराला लागले. तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या पुढे होते. घोडे, कापड, मोती असा माल विकावा, बिदरला जाऊन शाह मुहिब्बुल्लाह या सूफी संतांचे दर्शन घ्यावे आणि पुढे दिल्लीला जावे, असा त्यांचा बेत होता. दिल्लीला ते कधीच गेले नाहीत. त्या वेळी बिदर ही बहमनी राज्याची राजधानी होती. सुलतान अलाउद्दीन अहमद यांनी या विद्वान व्यापाऱ्याची योग्यता ओळखली, त्यांना एक हजारांची मनसब दिली आणि आपल्या सेवेत ठेवून घेतले. तेलंगणात झालेले एक बंड मोडण्याची कामगिरी त्यांच्यावर सोपवण्यात आली. ती त्यांनी पार पाडली. नंतर सुलतान हुमायून शाह यांनी त्यांना मलिक-उत-तुज्जार हा किताब दिला. याचा अर्थ व्यापाऱ्यांचा प्रमुख. नाव व्यापाऱ्याचे असले तरी दरबारात या किताबाचा मान फार मोठा होता.

हुमायून शाह १४६१ मध्ये वारले. त्यांचा मुलगा निजाम शाह तेव्हा केवळ आठ वर्षांचा होता. राज्याचा कारभार तीन माणसांच्या हाती आला. राजमाता मखदूमा-ए-जहाँ, ख्वाजा जहाँ तुर्क आणि महमूद गावान ही ती तीन माणसे होत. राजमाता पडद्याआडून सल्ला देत आणि निर्णय घेत. गादीवर मूल बसलेले पाहून माळव्याच्या सुलतानाने स्वारी केली आणि बिदर शहर जिंकले. राजमातेने मुलाला घेऊन भीमेच्या काठी फिरोजाबादला जाऊन आश्रय घेतला. बहमनींच्या मदतीला गुजरातचा सुलतान महमूद बेगडा धावून आला, तेव्हा माळव्याच्या सैन्याला माघार घ्यावी लागली. पुढे १४६३ मध्ये निजाम शाह मरण पावला आणि त्याचा धाकटा भाऊ मुहम्मद शाह गादीवर आला. तोही नऊ-दहा वर्षांचाच होता. १४६६ पासून महमूद गावान राज्याचे मुख्य वजीर झाले आणि पंधरा वर्षे त्या पदावर राहिले.

या पंधरा वर्षांत बहमनी राज्य अरबी समुद्रापासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरले. कोकणची मोहीम महमूद गावान यांनी स्वतः चालवली. ती सोपी नव्हती. घनदाट जंगल, कोसळणारा पाऊस आणि उंच डोंगरी किल्ले. ज्याला आज आपण विशाळगड म्हणतो, तो खेळणा किल्ला घेण्यासाठी त्यांना पावसाळा संपण्याची वाट पाहत बसावे लागले. १ फेब्रुवारी १४७२ रोजी त्यांनी गोवा घेतले. गोव्याचे बंदर हाती आल्याने अरबस्तान व इराणशी चालणारा व्यापार आणि हजला जाणाऱ्यांची वाट सुरक्षित झाली. त्यानंतर बेळगावच्या किल्ल्याला वेढा पडला. तेथे तटाखाली सुरुंग खणून ते दारूने उडवण्यात आले, असे फरिश्ता हा इतिहासकार लिहितो. दख्खनमध्ये ही युक्ती तेव्हा अगदी नवी होती. या दारूची आठवण ठेवा. पुढे तिचा संबंध पुन्हा येणार आहे.

कोकणातून विजयी होऊन परतल्यावर सुलतानाने महमूद गावान यांचा फार मोठा सत्कार केला. तो त्यांच्या घरी एक आठवडा राहिला. राजमातेने त्यांना भाऊ मानले. एखाद्याला आकाश ठेंगणे झाले असते. फरिश्त्याने मात्र वेगळीच हकीकत दिली आहे. सुलतान निघून गेल्यावर महमूद गावान आपल्या खोलीत गेले, अंगावरची भारी वस्त्रे काढून टाकली आणि रडू लागले. मग फकिराचे साधे कपडे घालून बाहेर आले. बिदरमधील विद्वान आणि गरजू लोकांना बोलावून त्यांनी आपल्याजवळचे पैसे व दागिने वाटून टाकले. पुस्तके, घोडे आणि हत्ती मात्र ठेवले. एका विद्वान मित्राने याचे कारण विचारले. तेव्हा सत्काराच्या वेळी मनात गर्वाची लहर उठली आणि तिची आपल्याला भीती वाटली, असे त्यांनी सांगितले. पुस्तके विद्यार्थ्यांची आहेत आणि घोडे-हत्ती सुलतानाचे आहेत. जे आपले नाही ते आपण वाटणार कसे, असाही त्यांचा खुलासा होता.

त्यांची राहणी साधी होती. जेवायला मातीची भांडी आणि निजायला चटई. त्याच सुमारास, १४७० च्या आसपास, अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी चौल बंदरातून जुन्नरमार्गे बिदरला आला होता. त्याने आपल्या प्रवासवर्णनात मलिक-उत-तुज्जार यांचे मोठे सैन्य, हत्ती, घोडे आणि त्यांच्याकडे रोज जेवणारी शेकडो माणसे यांचे वर्णन केले आहे. मग खरे कोणाचे? चटईचे की हत्तींचे? मला वाटते, दोघांचेही खरे असावे. महमूद गावान यांनी दोन वेगळे खजिने ठेवले होते. जहागिरीचे उत्पन्न एका खजिन्यात जमा होई आणि ते सैन्य, घोडे व हत्ती यांवर खर्च होई. आपल्या व्यापारातून मिळालेला पैसा दुसऱ्या खजिन्यात जाई. त्यातून ते आपला थोडासा खर्च चालवीत आणि उरलेले सर्व गरिबांना देत. निकितिनने पाहिले ते पहिल्या खजिन्याचे वैभव.

हा व्यापार किती दूरवर पसरला होता, याचा पुरावा तुर्कस्तानात सापडला आहे. तेथील बुरसा शहराच्या काझीच्या जुन्या दप्तरात महमूद गावान यांच्या गुमास्त्यांच्या नोंदी आहेत. हे गुमास्ते हिंदुस्थानचे कापड घेऊन तेथपर्यंत गेले होते. बुरसा ही उस्मानी तुर्कांची जुनी राजधानी. (या उस्मानी शब्दाचा आपल्या जिल्ह्याच्या जुन्या नावाशी संबंध नाही. उस्मानाबाद हे नाव हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडले होते.) बुरसा शहराच्या मध्यभागी उलू जामी नावाची भव्य मशीद आहे. ती १३९६ ते १४०० या काळात सुलतान बायजीद यांनी बांधली. तिच्या छतावर वीस घुमट आहेत आणि आत जाड चौकोनी खांबांच्या रांगा आहेत. मधल्या एका घुमटाखाली वजूचे कारंजे आहे. बिदरचे गुमास्ते बाजारात गेले असतील, तेव्हा ही मशीद त्यांच्या डोळ्यांसमोरच असणार. ती पाहून त्यांना गुलबर्ग्याची आठवण झाली असेल का? गुलबर्ग्याच्या किल्ल्यात १३६७ मध्ये बांधलेली बहमनींची जामा मशीदही अशीच आहे. तिला उघडे अंगण नाही. सगळी जागा घुमटांनी झाकलेली आहे.

उस्मानी सुलतान मुहम्मद फातेह यांच्याशी महमूद गावान यांचा पत्रव्यवहारही होता. १४५३ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी महमूद गावान दाभोळला उतरले त्याच वर्षी, या सुलतानांनी कुस्तुनतुनिया जिंकले. ते शहर म्हणजेच आजचे इस्तंबूल. तेथे त्यांनी १४६३ ते १४७० या काळात आपली मोठी मशीद बांधली. तिचा मुख्य घुमट सुमारे २६ मीटर रुंद होता. एवढा मोठा घुमट उस्मानी तुर्कांनी पूर्वी बांधला नव्हता. बुरसाच्या मशिदीत अनेक लहान घुमट होते. येथे एका मोठ्या घुमटाखाली खुली, मोकळी जागा करण्याकडे कारागिरांचा कल दिसू लागला. मशिदीच्या दोन्ही बाजूंना चार-चार असे आठ मदरसे होते. शिवाय दवाखाना, मुसाफिरखाना आणि गरिबांना अन्न देणारे स्वयंपाकघर होते. मशीद मध्ये आणि मदरसे भोवती, अशी ती रचना होती.

महमूद गावान यांनी बिदरला याच्या उलट केले. त्यांनी मदरसा बांधला आणि त्याच्या पोटात मशीद ठेवली.

हा मदरसा हिजरी ८७६, म्हणजे इ. स. १४७१-७२ मध्ये पूर्ण झाला. त्याची तारीख एका कवीने मोठ्या खुबीने सांगितली आहे. काब्याच्या भिंती उभारताना हजरत इब्राहीम अलैहिस्सलाम आणि हजरत इस्माईल अलैहिस्सलाम यांनी जी दुआ मागितली, ती कुरआन शरीफच्या सूरह बकरहमध्ये आली आहे. त्या दुआच्या पहिल्या तीन शब्दांतील अक्षरांची अबजदप्रमाणे बेरीज केली, की ८७६ हा आकडा येतो. तुम्हांला अबजद येत असेल तर कागद घेऊन बेरीज करून पाहा. पहिल्या शब्दाचे २५३, दुसऱ्याचे ५३२ आणि तिसऱ्याचे ९१ होतात. इमारत बांधणाऱ्याचा हेतू आणि इमारतीचे साल एकाच ओळीत बसले आहे.

बिदरच्या चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ही इमारत लागते. ती सुमारे २०५ फूट लांब आणि १८० फूट रुंद असून तीन मजली आहे. मध्ये चौकोनी अंगण आणि चारी बाजूंना बांधकाम आहे. अंगणाच्या प्रत्येक बाजूच्या मधोमध एक उंच कमानीचे दालन होते. फारसीत अशा दालनाला ऐवान म्हणतात. इराण आणि मध्य आशियातील मदरसे याच पद्धतीने बांधले जात. समरकंदला उलूग बेग यांनी १४२० च्या सुमारास बांधलेला मदरसा या पद्धतीचा प्रसिद्ध नमुना आहे. महमूद गावान यांनी आपल्या तरुणपणी पाहिलेली ही पद्धत दख्खनच्या लाल मातीत आणली. दालनांचे बाहेरच्या बाजूला आलेले भाग अष्टकोनाच्या अर्ध्या आकाराचे असून त्यांवर घुमट आहेत. सहल बिदरला गेली, की मुले आधी मिनाराची उंची विचारतात. मी त्यांना आधी खिडक्या पाहायला सांगतो. तिन्ही मजल्यांवर एकावर एक अशा कमानींच्या खिडक्या आहेत. त्यांतून खोल्यांत भरपूर उजेड आणि वारा येतो. वाचणाऱ्या माणसाला उजेड लागतो, हे बांधणाऱ्याने आधी पाहिले होते.

इमारतीत मशीद, पुस्तकालय, शिकवण्याची दालने, शिक्षकांची घरे आणि विद्यार्थ्यांच्या ३६ खोल्या होत्या. पुस्तकालयात तीन हजार हस्तलिखिते होती, असे सांगतात. छापखाना नसलेल्या काळातील ही गोष्ट आहे. तेव्हा प्रत्येक पुस्तक कोणीतरी बसून हाताने लिहिलेले असे. विद्यार्थ्यांना शिक्षण, निवास आणि जेवण विनामूल्य मिळे. शिकवण्यासाठी महमूद गावान यांनी दूरदूरच्या विद्वानांना बोलावणी पाठवली. हिरातचे थोर कवी मौलाना जामी यांनाही त्यांनी आग्रहाचे निमंत्रण दिले होते. जामी आले नाहीत, पण दोघांचा पत्रव्यवहार चालू राहिला.

इमारतीच्या दर्शनी भिंतीवर रंगीत झिलईच्या फरशा बसवलेल्या होत्या. निळा, पांढरा, पिवळा, हिरवा असे त्यांचे रंग. त्यांवर वेलबुट्टी आणि कुरआनातील आयती सुंदर अक्षरांत लिहिलेल्या होत्या. आज यांतील थोड्याच फरशा उरल्या आहेत. मिनारावर नागमोडी पट्ट्यांची नक्षी दिसते, तीही अशाच फरशांची. बिदरच्या किल्ल्यात १४२३-२४ मध्ये बांधलेली सोला खांब मशीद आहे. तिचे गोल, जाड खांब आणि साध्या भिंती पाहून मग मदरशाकडे आले, की पन्नास वर्षांत शहर किती बदलले होते हे लगेच कळते. जुनी मशीद मजबूत आहे, गंभीर आहे. मदरसा रंगांनी बोलणारा आहे.

आता त्यांच्या शेवटाकडे वळले पाहिजे.

राज्य मोठे झाले होते, पण त्याची व्यवस्था जुनीच होती. सारे राज्य चार तरफांत, म्हणजे चार मोठ्या सुभ्यांत विभागलेले होते. प्रत्येक सुभ्याचा तरफदार आपल्या भागात सुलतानासारखा वागे. महमूद गावान यांनी चाराचे आठ सुभे केले. पूर्वी एका सुभ्यातील सर्व किल्ले तरफदाराच्या ताब्यात असत. आता त्याच्याकडे एकच किल्ला ठेवला आणि बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाचे किल्लेदार नेमले. सुभ्यांतील काही परगणे थेट सरकारच्या ताब्यात घेतले. जमिनीची मोजणी करून सारा ठरवण्याचे कामही सुरू केले. पाचशे सैनिक ठेवणाऱ्या सरदाराला वर्षाला एक लाख हून मिळत, ते सव्वा लाख केले. पण सैनिक कमी ठेवले तर पैसे कापून घेण्याचा नियमही केला. पगार वाढला तो सर्वांना आवडला. हिशेब द्यावा लागला तो मात्र आवडला नाही.

शिवाय दरबारात दोन तट होते. दख्खनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले ते दख्खनी आणि इराण, तुर्कस्तान वगैरे देशांतून नव्याने आलेले ते आफाकी. महमूद गावान स्वतः आफाकी होते. तरी त्यांनी आठ सुभे वाटताना दोन्ही तटांचा समतोल राखला. दख्खनी तटाचे पुढारी मलिक हसन निजाम-उल-मुल्क यांनाही त्यांनी मोठा सुभा दिला. पण द्वेष गेला नाही. बेळगावच्या मोहिमेच्या वेळी राजमाता वारल्या होत्या. सुलतान मुहम्मद शाह आता तरुण होता आणि मद्याच्या आहारी गेला होता. दोघांमध्ये चांगला शब्द टाकणारे कोणी उरले नव्हते.

महमूद गावान यांची मोहर त्यांच्या एका हबशी सेवकाकडे असे. विरोधकांनी त्याच्याशी मैत्री केली. एके दिवशी त्याला दारू पाजून, एक साधा कागद आहे, यावर मोहर उमटवून दे, असे त्याला सांगितले. त्याने कोऱ्या कागदावर मोहर उमटवली. मग त्या कागदावर ओडिशाच्या राजाच्या नावे पत्र लिहिण्यात आले. बहमनी राज्यावर चालून या, आम्ही तुम्हांला साथ देऊ, असा त्यातील मजकूर होता. सुलतान तेव्हा आंध्रातील कोंडापल्ली येथे छावणीत होता. योग्य वेळ साधून ते पत्र त्याच्यापुढे ठेवण्यात आले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. महमूद गावान यांनी पत्रलेखनाच्या कलेवर मनाजिर-उल-इन्शा नावाचा ग्रंथ लिहिला होता. त्यांच्या पत्रांचा संग्रह रियाज-उल-इन्शा या नावाने आजही उपलब्ध आहे. पत्राची सुरुवात कशी करावी, कोणाला कसे संबोधावे, कोणते शब्द वापरावेत, हे सारे त्यांनी इतरांना शिकवले. त्यांचे अक्षर आणि त्यांची भाषा दरबारात सर्वांच्या ओळखीची होती. ते पत्र नीट वाचले असते, तर ते त्यांचे नाही हे कोणाही जाणकाराला कळले असते. सुलतानाने फक्त मोहर पाहिली.

सुलतानाने महमूद गावान यांना ताबडतोब बोलावले. त्यांच्या मित्रांना धोक्याचा वास आला होता. आज जाऊ नका, गुजरातकडे निघून जा, घोडेस्वार तयार आहेत, असे त्यांनी विनवले. महमूद गावान यांनी ऐकले नाही. आपण काही गुन्हा केलेला नाही, मग पळायचे कशासाठी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा विश्वासू सरदार यूसुफ आदिल खान त्या वेळी दुसऱ्या मोहिमेवर दूर होता. सुलतानाने त्यांना विचारले, की धन्याशी बेइमानी करणाऱ्या नोकराला काय शिक्षा द्यावी. मृत्यूची, असे त्यांनी शांतपणे उत्तर दिले. मग सुलतानाने पत्र दाखवले. मोहर आपली आहे, पण पत्र आपले नाही, एवढेच ते म्हणाले. सुलतान दारूच्या धुंदीत होता. त्याने पुढे काही विचारले नाही. जौहर नावाच्या गुलामाला खूण करून तो उठून आत निघून गेला. महमूद गावान किब्ल्याकडे तोंड करून बसले आणि त्यांनी कलमा म्हटला. हा दिवस होता ५ एप्रिल १४८१. त्यांचे वय तेव्हा सत्तर वर्षांचे होते.

सुलतानाला वाटले होते, की पंधरा वर्षे वजिरी केलेल्या माणसाच्या घरी अमाप संपत्ती सापडेल. त्याने खजिनदाराला बोलावले. खजिनदाराने दोन्ही खजिन्यांचा हिशेब मांडला. सुलतानाच्या खजिन्यातील रक्कम सैन्यासाठी होती आणि गरिबांच्या खजिन्यात थोडीशीच नाणी उरली होती. मग त्या खजिनदाराने हिंमत करून सुलतानाला एक प्रश्न विचारला. ते पत्र घेऊन जाणारा जासूद कोठे आहे? सुलतानाने विरोधकांना जासूद हजर करण्यास सांगितले. जासूद नव्हताच. तेव्हा सुलतानाच्या सारे ध्यानात आले. पण आता काय उपयोग? शव सन्मानाने बिदरला पाठवण्यात आले. पुढच्याच वर्षी, मार्च १४८२ मध्ये, सुलतान मुहम्मद शाहही मरण पावला. त्याने तिशीही ओलांडली नव्हती.

इकडे इस्तंबूलला सुलतान मुहम्मद फातेह ३ मे १४८१ रोजी वारले. ज्या दोघांनी एकमेकांना पत्रे पाठवली होती, ते अठ्ठावीस दिवसांच्या अंतराने जगातून गेले.

महमूद गावान गेल्यावर बहमनी राज्य सावरले नाही. एकामागून एक सरदार स्वतंत्र झाले आणि त्याचे पाच तुकडे पडले. यूसुफ आदिल खान यांनी विजापूरला आदिलशाही स्थापन केली. हे यूसुफ उस्मानी सुलतानाचे पुत्र होते, अशी एक कथा फरिश्त्याने दिली आहे. आजचे बहुतेक इतिहासकार ती खरी मानत नाहीत. मलिक हसन यांच्या मुलाने निजामशाही स्थापन केली. स्वतः मलिक हसन यांचाही १४८६ मध्ये बिदरमध्येच खून झाला. आपला जिल्हा या दोन राज्यांच्या सीमेवर आला. परंडा निजामशाहीकडे आणि नळदुर्ग आदिलशाहीकडे गेला. ज्या मुलखात एकच राज्य होते, तेथे दोन्हीकडच्या फौजा पुढे शंभर वर्षे एकमेकांशी लढत राहिल्या. विजापूरच्या बुरुजावर आज जी मलिक-ए-मैदान तोफ आहे, तीही एकेकाळी परंड्याच्या किल्ल्यात होती. मुहम्मद बिन हसन रूमी नावाच्या तुर्क कारागिराने ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली. १६३२ मध्ये ती परंड्याहून विजापूरला नेण्यात आली.

मदरसा दोनशेहून अधिक वर्षे टिकला. १६५७ मध्ये बिदर मुघलांच्या ताब्यात गेले. पुढे मदरशाच्या काही खोल्यांत सैनिक राहू लागले आणि तेथे दारूगोळा साठवला जाऊ लागला. हिजरी ११०७ च्या रमजान महिन्यात, म्हणजे १६९६ मध्ये, मोठा स्फोट झाला. वीज पडल्याने दारूने पेट घेतला, असेही सांगतात. पूर्वेकडील दर्शनी बाजूचा मोठा भाग, प्रवेशद्वार आणि दोन मिनारांपैकी एक कोसळला. इस्तंबूलची ती मोठी मशीदही १७६६ च्या भूकंपात पडली. पण तेथील सुलतानांनी ती पुन्हा बांधली. आज तेथे दिसते ती १७७१ मध्ये पूर्ण झालेली नवी मशीद आहे. बिदरचा मदरसा कोणी पुन्हा बांधला नाही. तो आज भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे.

महमूद गावान यांची कबर बिदर शहराबाहेर गोरनल्ली गावाजवळ आहे. बहमनी सुलतानांचे मोठमोठे घुमट अष्टूर येथे आहेत. ही कबर मात्र साधीच आहे. मदरशाकडे परत आले, तर उरलेला एक मिनार लांबूनच दिसतो. पुढची भिंत पडल्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्या माणसालाही आतले अंगण आणि तिन्ही मजल्यांवरच्या विद्यार्थ्यांच्या खोल्या सरळ दिसतात.